दूध दाट करायचं, पण कशाने आणि किती?

प्रति,
पुणे शहर व परिसरातले बालरोगतज्ज्ञ आणि नवजात शिशू अतिदक्षता विभाग चालवणारे सर्व डॉक्टर

स.न.वि.वि.

मी सिंहगड रस्त्यावर औषधाचं दुकान चालवते. बी.फार्म. आहे, परवाना माझ्याच नावावर आहे आणि काउंटरवर दिवसभर मीच उभी असते. तुमची चिठ्ठी तुमच्या टेबलावरून उठली की तिचं पुढे काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. म्हणून हे पत्र.

विषय एकाच प्रकारच्या चिठ्ठीचा आहे. बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येतं, नाकातली नळी निघते, घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ असते: ‘फॉर्म्युला फीड्स, थिकन्ड, ॲज ॲडव्हाइज्ड’, म्हणजे डब्यातल्या पावडरचं दूध, दाट करून, सांगितल्याप्रमाणे. कार्ड इंग्रजीत, अक्षर जे असतं ते. आता नेमकं काय ॲडव्हाइज केलं होतं, हे मी विचारते. आई म्हणते, सिस्टर म्हणाल्या एक चमचा टाका. कसला चमचा, किती दुधाला, ते तिला आठवत नाही. बाबा म्हणतो, थोडंसंच दाट म्हणाले होते. आजीला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि घरी रात्री दोन वाजता बाटली तीच भरणार असते. त्यांना दोष देऊ नका. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायचं असतं, विम्याची मंजुरी अडकलेली असते, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. त्या गडबडीत तोंडी सांगितलेलं प्रमाण लक्षात राहत नाही.

हे पत्र खुलं आहे, आईबापही वाचतील, म्हणून तुम्हाला पाठ असलेलं दोन वाक्यांत सांगते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला पोटातल्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या, टाळू दुभंगलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या किंवा स्वरयंत्राच्या घडणीत दोष असलेल्या बाळांच्या बाबतीत दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळू शकतं. मग ठसका लागतो, ओठ निळे पडतात, छातीत घरघर होते, पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो. दूध थोडं दाट केलं तर ते सावकाश येतं आणि बाळाला गिळायला उसंत मिळते. उपाय खरा आहे, काही बाळांना त्याने नळीपासून वाचवलंय. माझी तक्रार उपायाबद्दल नाही. औषधाचा डोस लिहिताना तुम्ही मिलीच्या दशांशापर्यंत जाता, आणि हे दाट करणं मात्र आमटीत पाणी घालावं तसं अंदाजावर सोडून देता, याबद्दल आहे.

अंदाजाने घरोघरी काय होतं, ते ऐका.

पहिला प्रकार, पावडरचाच एक चमचा जास्त. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. ‘दाट’ ऐकलं की घरातलं माणूस सरळ दोन चमचे टाकतं. दूध त्याने नावापुरतंच दाट होतं, पण क्षार आणि प्रथिनं दुप्पट होतात, आणि तो बोजा त्या एवढ्याशा मूत्रपिंडांवर. एप्रिल-मेच्या पुण्यात हे किती महागात पडेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा प्रकार नाचणीसत्त्व, आरारूट, भाताची पेज. आपल्याकडे बाळाला अंगी लागावं म्हणून जे जे शिजवून देतात ते सगळं. एक काकू माझ्याकडे सहा आठवड्यांच्या नातवासाठी नाचणीसत्त्व मागायला आल्या होत्या. डॉक्टरांनीच दाट द्या म्हटलंय, मग सत्त्वापेक्षा चांगलं काय? त्यांच्या तर्कात मला चूक काढता आली नाही, कारण चिठ्ठीत काही लिहिलेलंच नव्हतं. पण शिजवलेलं सत्त्व ऊन असताना वेगळं असतं आणि निवल्यावर वेगळं. बाटली भरताना वाहणारं दूध बाळाच्या तोंडी जाईपर्यंत खिरीसारखं होतं.

तिसरा प्रकार मध. मध दाट असतो, घरात असतो, बाळाला चाटवायची रीतही असते. वर्षाखालच्या बाळाला मध म्हणजे बोट्युलिझमचा धोका. त्यातले बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि आधीच गिळता न येणारं बाळ आणखी लुळं पडू शकतं. ‘मध नाही’ हे दोन शब्द कार्डावर लिहायला शाई किती लागते?

चौथा प्रकार माझ्या कपाटातला. पक्षाघात झालेल्या आजोबांसाठी पाणी दाट करायची पावडर मिळते, तिचा डबा मी ठेवते. तिच्यात बहुधा झँथन गम असतो. अशा काही डब्यांवर तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही, अशी सूचना बारीक अक्षरांत असते. नुसतं ‘थिकनर द्या’ म्हटलं की घाईत असलेला कोणताही दुकानदार तो डबा पुढे सरकवेल, कारण दुकानात थिकनर नावाची तीच एक गोष्ट असते. अमेरिकेत ‘सिंप्लीथिक’ नावाचं झँथन गमचं जेल रुग्णालयांत सर्रास वापरलं जायचं. मे २०११मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ते ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नका असा इशारा दिला, आणि सप्टेंबर २०१२मध्ये कोणत्याही वयाच्या तान्ह्या बाळाबाबत सावध केलं. तोवर ते घेतलेल्या २२ बाळांना नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, म्हणजे आतडं सुजून त्याचा भाग मरण्याचा आजार, झाल्याची नोंद झाली होती आणि त्यांतली ७ दगावली होती. दोष नक्की जेलचाच होता हे पूर्ण सिद्ध झालं नाही, हे खरं. पण बहुतेक बाळं अपुऱ्या दिवसांची होती, आणि आपण ज्यांना दाट दूध लिहून देतो त्यांत अपुऱ्या दिवसांचीच जास्त असतात. बाळ घरी गेल्यानंतरही हा आजार झालेला दिसला होता, म्हणजे दवाखान्यातून सुटलं की सुटलं असंही नाही.

उरला पाचवा, दुकानातलं बाळांचं सीरियल. तुम्ही बहुतेकांच्या मनात हेच धरलेलं असतं, असा माझा कयास आहे. त्यातही तांदळाचं. भाताच्या खाचरात पाणी साचलेलं असतं, त्यामुळे तांदूळ जमिनीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणून अमेरिकेने २०२०मध्ये बाळांच्या तांदूळ-सीरियलमधल्या अकार्बनी आर्सेनिकसाठी अब्जात १०० भाग ही मर्यादा घातली, आणि दूध दाट करायला तिथले बालरोगतज्ज्ञ आता तांदळाऐवजी ओट्सकडे वळलेत. शिवाय कॅलरींचा हिशेब बघा. ३० मिली फॉर्म्युल्यात साधारण २० कॅलरी. त्यात मोठा चमचाभर सीरियल घातलं की त्या साधारण ३४ होतात. बाळाचं पोट पिठाने भरतं, ते दूध कमी पितं, वजनाचा काटा वर जातो आणि घरात पेढे वाटतात. दुधातलं बाकीचं सगळं त्या प्रमाणात कमी मिळालं, हे काट्यावर दिसत नाही. आणि सीरियलच्या डब्यावर तर सहा महिन्यांनंतर द्या असं छापलेलं असतं. त्याआधी द्यायचं असेल तर तशी लेखी सूचना हवी, नाहीतर आई डब्यावर विश्वास ठेवायचा की तुमच्यावर, यातच अडकते.

आईचं दूध काढून देणाऱ्या बायांची गोष्ट तर वेगळीच. एका मुलीने काउंटरवर मोबाइल उघडून मला व्हिडिओ दाखवला. काढलेल्या दुधात सीरियल घालून ढवळलं, दाट झालं, तिने बाळ मांडीवर घेतलं, पदर सावरला, बाटली उचलली तर दूध पुन्हा पाण्यासारखं. तिला वाटलं सीरियल भेसळीचं आहे, बदलून द्या. सीरियलमध्ये काही खोट नव्हती. आईच्या दुधात अमायलेज असतं आणि ते पिठातल्या स्टार्चचं विघटन करतं. बाटली भरल्यापासून पिईपर्यंतच्या वेळात दाटपणा उतरत जातो. म्हणजे ज्या बाळाला पातळ दूध धोक्याचं आहे म्हणून एवढा खटाटोप, त्याच्या तोंडात शेवटी पातळच जातं, आणि सगळे निर्धास्त. आईचं दूध पिठाने दाट होत नाही, ही गोष्ट त्या मुलीला दवाखान्यात कळायला हवी होती, माझ्याकडे नव्हे. कॅरोबच्या बियांचा गोंद आईच्या दुधात टिकतो, पण त्याचे बाळांसाठीचे डबे आपल्या कपाटांत सहसा नसतात. बाणेरच्या एका घराला न्यू जर्सीतल्या मावशीने पाठवला. जनता वसाहतीतल्या घराला कोण पाठवणार? आणि तो गोंदही अपुऱ्या दिवसांच्या बाळाला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, काही डब्यांतला तर कोमट दुधातच दाट होतो. मावशीने पाठवला म्हणून चालला, असं नाही.

अजून एक घोळ आम्ही दुकानदारच घालतो. दूध ओकणाऱ्या बाळांसाठी ‘ए.आर.’ लिहिलेले फॉर्म्युले येतात. चिठ्ठीत ‘थिकन्ड फॉर्म्युला’ असेल तर आमचा पोरगा तोच डबा काढतो. यांतले काही पोटातल्या आम्लात गेल्यावर दाट होतात. घशातून जाताना ते जवळपास पातळच असतात. ओकणाऱ्या बाळाला ते ठीक, ज्याचं गिळणं चुकतंय त्याला निरुपयोगी. तुम्ही दूध दाट करायला सांगता ते ओकण्यासाठी की गिळण्यासाठी, एवढा एक शब्द चिठ्ठीत असला तरी हा घोळ टळेल. १९९२च्या आणि २००३मध्ये सुधारलेल्या कायद्याने बाळाच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. काउंटरवरून मी ‘हा घ्या, हा चांगला’ म्हणणार नाही. म्हणजे त्या घराला डब्याबद्दल जे काही कळायचं ते तुमच्याकडूनच.

आता मोजायचं कसं ते. यासाठी मशीन लागत नाही, आणि मला सगळ्यात राग याचाच येतो. ‘इड्सी’ म्हणून जगभर मानली जाणारी एक मोजणी आहे, पातळ म्हणजे शून्य आणि पुढे एक, दोन, तीन अशा पायऱ्या. लागते फक्त १० मिलीची सुई नसलेली सिरिंज. दट्ट्या काढायचा, तोंडावर बोट धरायचं, १० च्या रेषेपर्यंत दूध भरायचं, बोट काढायचं, १० सेकंद मोजून पुन्हा बोट लावायचं. आत एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळ. एक ते चार उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ दुसरी, त्याहून जास्त तर तिसरी. आजी आकडे मोजू शकते, मोबाइलवर सेकंद दिसतात. काही रुपयांची वस्तू आहे. एकच अट: सिरिंजवरच्या शून्यापासून १० पर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, नाहीतर उत्तर चुकतं. मी दुकानातल्या दोन कंपन्यांच्या १० मिलीच्या सिरिंज शाळेच्या पट्टीला लावून पाहिल्या. लांबी सारखी नाही. म्हणून नुसतं ‘१० एमएल सिरिंज’ लिहू नका, जी चालते ती दवाखान्यातूनच हातात द्या आणि एकदा त्यांच्याकडून करवून घ्या. चाचणी बाळ ज्या तापमानाला दूध पितं त्याच तापमानाला आणि तेवढाच वेळ ठेवून करायची, कारण डिसेंबरच्या पहाटे ओट्यावर ठेवलेली बाटली आणि मेच्या दुपारची बाटली सारखी राहत नाही. फॉर्म्युल्याची कंपनी बदलली तरी पुन्हा मोजायचं.

दाट दूध निपलमधून येईना की घरचे निपल कापतात. ब्लेडने फुलीसारखा छेद दिलेलं निपल मी हातात घेऊन पाहिलंय. दाबलं की थेंब नाही, चिळकांडी उडते. आधी दूध दाट केलं आणि मग भोक मोठं केलं, म्हणजे सगळं मुसळ केरात. पाकिटावरच्या ‘स्लो’ आणि ‘मीडियम’ला काही अर्थ नसतो, एका कंपनीचं स्लो दुसऱ्या कंपनीच्या मीडियमपेक्षा वेगाने वाहतं. कोणतं निपल, हेही लिहून द्या.

खरं तर त्याच्याही आधीचा प्रश्न मला विचारायचा आहे. दूध दाट करण्याआधी बाकीचं करून पाहिलं होतं का? सावकाश वाहणारं निपल, बाळाला कुशीवर घेऊन पाजणं, दोन-चार घोट झाले की बाटली खाली करून श्वास घेऊ देणं. कित्येक बाळांचं एवढ्यानेच भागतं. आणि हे शिकवणारं माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट, पण नाव काढलं की घरचे चकित होतात: “अहो, अजून बाळ बोलत कुठे, मग त्यांच्याकडे कशाला?” गिळणं तपासणं हाही त्यांचाच विषय, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. भारती विद्यापीठात तर हे शिक्षण इथेच पुण्यात मिळतं. ठसका लागत नाही म्हणजे सगळं बरं, हाही समज घट्ट आहे. तान्ह्या बाळाचं दूध ठसका न लागता, चेहऱ्यावर काही न उमटता श्वासनलिकेत उतरू शकतं. ते बाहेरून कळत नाही, बेरियम मिसळलेलं दूध पाजताना एक्स-रेवर बघावं लागतं किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून. प्रत्येक बाळाची ही तपासणी करा असं मी म्हणणार नाही, किरणोत्सर्ग आहे, खर्च आहे. पण जिथे केली तिथे कोणत्या पायरीचं दूध सुरक्षित दिसलं ते आकड्यात लिहा. बेरियम घातल्यावर दाटपणा बदलतो, त्यामुळे तपासणीतलं दूध आणि घरातलं दूध जुळवायलाही कोणीतरी लागतं. न तपासता, नुसत्या ठसक्यावरून दाट दूध सुरू केलं असेल तर तसं तरी लिहा. पुढच्या डॉक्टरला उपयोग होईल.

माझं मागणं एका कागदाचं आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात, डिस्चार्ज कार्डाला टाचलेला. दूध का दाट करतोय. कोणत्या वस्तूने, तिचं पूर्ण नाव. किती मिलीला किती, आणि कोणत्या चमच्याने. शक्यतो चमचाही सोबत. सिरिंजमध्ये किती उरायला हवं. करून ठेवलेलं दूध किती वेळाने टाकून द्यायचं. काय घालायचं नाही: मध, सत्त्व, जास्तीची पावडर, मोठ्यांचं थिकनर. शी घट्ट झाली, पोट फुगलं, शीमध्ये रक्त दिसलं, दूध हिरवट ओकलं तर कुठे यायचं. आणि पुन्हा कधी दाखवायचं त्याची तारीख. या तारखेवर माझा जोर आहे. दाट दूध सुरू करणारे पुष्कळ, थांबवणारं कोणी नाही. नीट बसून, वरण-भात खाऊन, पाणी पिणाऱ्या मुलाची बाटली अजून दाट करणारी घरं मला माहीत आहेत, कारण कार्डावर तसं लिहिलं होतं आणि ते नको असं नंतर कोणी म्हटलं नाही.

कागदाची एक प्रत आशाताईंकडे जाऊ द्या. बाळ घरी आल्यावर त्या येतातच. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत रुजवली आणि पुढे ती देशाची योजना झाली. आशाताई बाळाचं वजन घेतात, श्वास मोजतात, मग सिरिंजची चाचणीही करतील, कोणी दाखवली तर. पुण्यात जन्मून पानशेत, वेल्हे, भोर असं परत जाणाऱ्या बाळांना तर त्यांच्याशिवाय कोण आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाणी-भाषा तज्ज्ञाचं पदही धरलेलं आहे. खासगी दवाखान्यातून सुटलेल्या बाळालाही तिथे जाता येतं, हे त्या घराला कार्डावर दिसलं तर ते जातील. न दिसल्यामुळे ते माझ्याकडे येतात.

तुम्ही म्हणाल, एका सिस्टरकडे इतकी बाळं, कागद भरायला वेळ कुणाला? मान्य आहे, सिस्टरांचे हाल मी पाहते, त्यांची औषधंही माझ्याकडूनच जातात. पण साचा एकदा सगळ्यांनी बसून ठरवला की रिकाम्या जागा भरायला पाच मिनिटं लागतील. वेगवेगळ्या दवाखान्यांचे वेगवेगळे कागद निघाले तर मात्र पुन्हा तोच गोंधळ होईल, म्हणून तुमच्या संघटनेने एकच करावा. छपाईचा खर्च आमच्यासारखे दुकानदार उचलतील, निदान माझ्या भागातले तरी. त्यावर कोणाचं नाव, कोणाची जाहिरात नको.

तोवर मी एवढंच करणार आहे. तान्ह्या बाळासाठी थिकनर मागायला कोणी आलं आणि चिठ्ठीवर नुसतं ‘ॲज ॲडव्हाइज्ड’ असलं तर डबा द्यायच्या आधी कार्डावरच्या नंबरवर फोन लावणार. बहुतेकदा ही माणसं संध्याकाळी सात-साडेसातला, कामावरून सुटल्यावर येतात, तेव्हा तुमची ओपीडी भरलेली असते हे ठाऊक आहे. तरी फोन उचला, किंवा उचलेल अशा माणसाचा नंबर कार्डावर द्या.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक फार्मसिस्ट